बर्फर्डच्या चर्चचा जीर्णोद्धार : गिलावा खरवडणे योग्य होते का?

चर्चाप्रस्ताव

ऑक्सफर्डशायरमधील बर्फर्ड येथे सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे जुने पॅरिश चर्च आहे. त्याच्या मनोऱ्याचा खालचा भाग बाराव्या शतकातील नॉर्मन धाटणीचा आहे, तर वरचा मजला आणि निमुळते शिखर पंधराव्या शतकात, लोकरीच्या व्यापाराने गावाला सुबत्ता आलेली असताना चढवले गेले. १८७०च्या दशकात जॉर्ज एडमंड स्ट्रीट या वास्तुविशारदाने चर्चचा जीर्णोद्धार केला आणि त्यात आतील भिंतींचा गिलावा खरवडला गेला. १८७६ मध्ये कलाकार व लेखक विल्यम मॉरिसने ते काम पाहिले व तो अतिशय व्यथित झाला. पुढच्याच वर्षी, ट्यूक्सबरीच्या ॲबीच्या, म्हणजे जुन्या मठाच्या चर्चच्या, जीर्णोद्धाराचे निमित्त होऊन, त्याने जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली.

माझ्या मते मॉरिसचे दुःख रास्त होते. मध्ययुगीन चर्चच्या भिंती बहुधा ओबडधोबड दगडांच्या असत, त्यांवर चुन्याचा गिलावा आणि पुष्कळदा रंगकाम असे. तो दगड उघडा दिसावा, असा बांधणाऱ्यांचा हेतूच नव्हता. गिलावा काढून ‘मूळ रूप’ परत आणल्याचे सांगितले जाते, तेव्हा प्रत्यक्षात कधीही नसलेले रूप निर्माण झालेले असते.

प्रतिसाद १

आपल्याशी मी सहमत नाही. हे चर्च कधीच एका अवस्थेत स्थिर नव्हते. व्यापारी संघाचे चॅपल (छोटे प्रार्थनागृह) आधी स्वतंत्र उभे होते, ते नंतर मुख्य इमारतीत सामावून घेतले गेले. दक्षिणेकडचा तीन मजली द्वारमंडप आणि त्याचे पंख्यासारखे उलगडणारे दगडी छत, हेही पंधराव्या शतकातले. त्या काळी मॉरिससारखा कोणी आडवा आला असता, तर आज आपण ज्या शिखराचे कौतुक करतो ते उभेच राहिले नसते. जिथे आजही उपासना होते, त्या वास्तूत बदल करण्याचा हक्क प्रत्येक पिढीला आहे. शिवाय स्ट्रीट काही अडाणी कंत्राटदार नव्हता. तरुण मॉरिस १८५६ मध्ये त्याच्याच कार्यालयात शिकत होता, हेही विसरू नये.

प्रस्तावकाचे उत्तर

स्ट्रीटच्या विद्वत्तेबद्दल मला आदरच आहे, आणि म्हणूनच ही गोष्ट अधिक खटकते. पंधराव्या शतकातील गवंड्यांनी आपल्या काळाच्या पद्धतीने भर घातली. आपण बाराव्या शतकाकडे परत जात आहोत, असा दावा त्यांनी केला नाही. एकोणिसाव्या शतकातील जीर्णोद्धारात मात्र एखादा काळ ‘खरा’ ठरवून बाकीच्या काळांच्या खुणा पुसल्या गेल्या. शिखर चढवले म्हणून खालचा नॉर्मन मनोरा नाहीसा झाला नाही. खरवडलेला गिलावा मात्र कायमचा गेला, आणि त्याखाली जुनी चित्रे असतील तर तीही गेली.

प्रतिसाद २

या वादात मला बाप्तिस्म्याचे कुंड सर्वांत महत्त्वाचे वाटते. मे १६४९ मध्ये इंग्लंडच्या यादवी युद्धातील संसदपक्षाचा सेनानी क्रॉमवेल याच्या सैन्यातील लेव्हलर, म्हणजे राजकीय समतेची मागणी करणाऱ्या, विचारांच्या सुमारे ३४० बंडखोरांना याच चर्चमध्ये कोंडण्यात आले होते, आणि १७ मे रोजी त्यांपैकी तिघांना चर्चच्या आवारात गोळ्या घालण्यात आल्या. कोंडलेल्यांपैकी अँथनी सेडली याने कुंडाच्या शिसे धातूच्या अस्तरावर आपले नाव, सन आणि ‘कैदी’ हा शब्द कोरला. शुद्ध शैलीच्या दृष्टीने पाहिले, तर ती पवित्र वस्तूची नासधूस आहे. तरीही आज ते कोरीव काम मिटवण्याची कल्पना कोणालाही सहन होणार नाही.

प्रतिसाद १ चे पुन्हा उत्तर

हे उदाहरण माझ्या बाजूचेही आहे, कारण स्ट्रीटच्या कामानंतरही ते शिसे जागेवर राहिले. तरीही गिलाव्याबाबत मी एवढे मान्य करतो की, तो कमकुवत झाला असेल तिथे चुन्यानेच डागडुजी करता आली असती. सरसकट खरवडण्याचे समर्थन मला करता येत नाही. छप्पर, बाके आणि उपासनेची सोय यांत बदल करण्याच्या हक्काबाबत मात्र माझे मत बदललेले नाही.