मदत हवी आहे: फेंडर चॅम्प या गिटार अ‍ॅम्प्लिफायरचा फीडबॅक स्विच नुसता शोभेचा

खर्जवेडा: दोन रविवार वाया गेले. चॅम्पला एकच व्हॉल्यूमचं बटण, सगळं एकाच सुरात वाजतं म्हणून दोन स्विच टाकले. एकाने फीडबॅक (स्पीकरकडून मागे व्हॉल्व्हकडे येणारा थोडा सिग्नल) तुटतो, दुसऱ्याने व्हॉल्व्हच्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) कपॅसिटर लागतो. कपॅसिटरवाला झकास चालतो, आवाज दणकून वाढतो. फीडबॅकवाला इकडे टाका नाहीतर तिकडे, काडीचा फरक नाही. स्विच बदलला, सोल्डरिंग पुन्हा केलं. काय करू? लवकर सांगा.

बिनतारी: कोणता चॅम्प? ट्रेबल-बासवाला की त्याआधीचा? फोटो टाका.

खर्जवेडा: ५एफ१ मॉडेल, अजून कोणता! व्हॉल्व्ह १२एएक्स७, ६व्ही६, ५वाय३. फोटोत वायरींचा गुंता सोडून काही दिसणार नाही.

जुनाखोका: आउटपुट ट्रान्सफॉर्मर (स्पीकरला जोडलेला) बदललाय का? माझ्या वायरी उलट्या लागल्या होत्या. फीडबॅक जोडला की कुत्रं केकाटावं तसा आवाज. दोन वायरींची अदलाबदल केली, गप्प झाला.

खर्जवेडा: माझा केकाटत नाही. फरकच पडत नाही म्हणतोय.

जुनाखोका: तरी अदलाबदल करून बघा.

तापलेली_काच: हे स्विच-बिच सोडा. ६व्ही६ काढून ६एल६ बसवा, आवाज आपोआप भरदार होतो.

ओहमबुवा: ६व्ही६चा हीटर (कॅथोड तापवणारी तार) ०.४५ अँपिअर घेतो, ६एल६चा ०.९. पॉवर ट्रान्सफॉर्मर तेवढ्या ताकदीचा आहे का हे न विचारता सल्ला देऊ नये. आणि प्रश्न काय, उत्तर काय!

तापलेली_काच: माझा दोन वर्षं चालतोय.

ओहमबुवा: ट्रान्सफॉर्मरला हात लावून पाहिलाय कधी?

सावधान: तुम्ही भांडा, पण त्या माणसाला कोणी सांगितलं का, की आत ३०० व्होल्टच्या वर असतात आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटर भरलेले राहतात? रेझिस्टर लावून रिकामे करा, मीटरने खात्री करा, मग बोट घाला. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडू नका. स्पीकर काढून चालू तर मुळीच करू नका.

ओहमबुवा: खर्जवेडा, कपॅसिटरचा स्विच बंद असताना फीडबॅकने फरक पडतो का?

खर्जवेडा: हो, तेव्हा पडतो. सांगायचं राहिलं का?

ओहमबुवा: अहो, उत्तर तिथेच आहे की! स्पीकरकडून २२ किलोओहमचा रेझिस्टर येतो तो कुठल्या कॅथोडला? १२एएक्स७मध्ये दोन टप्पे, दोन कॅथोड; ३ आणि ८ या त्यांच्या दोन्ही पिनांना १.५ किलोओहमच असतो, त्यामुळे चकायला होतं.

खर्जवेडा: आत्ता उघडून पाहिलं. २२चा रेझिस्टर आणि माझा कपॅसिटर एकाच पायावर.

ओहमबुवा: मग तुम्ही दुसऱ्या टप्प्याचा कॅथोड पकडलात. फीडबॅक त्या १.५ किलोओहमवर उमटायला हवा. तुमचा २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तिथे १ किलोहर्ट्झला जेमतेम ६ ओहम, म्हणजे आलेला फीडबॅक सरळ जमिनीत (ग्राउंडला). स्विच मारला काय, न मारला काय! आवाज वाढला तो अर्धा याचमुळे. कपॅसिटर पहिल्या टप्प्याच्या कॅथोडला न्या, अधिक (+) टोक कॅथोडकडे. ०.६८ मायक्रोफॅरडचाही लावून बघा. २५ने खालचे सूरही फुगतात आणि छोट्या स्पीकरवर चिखल होतो. ०.६८ने साधारण ३०० हर्ट्झच्या वरचंच जास्त उठतं.

बिनतारी: चिखल वगैरे काही होत नाही. मी २५ वापरतो.

ओहमबुवा: स्पीकर केवढा?

बिनतारी: १२ इंची.

ओहमबुवा: मग बोलणंच खुंटलं.

खर्जवेडा: जमलं! ०.६८ लावला. दोन्ही बंद ठेवले की जुना गुळगुळीत चॅम्प, फीडबॅक तोडला की तार जरा खरखरीत, आणि फीडबॅक तोडून कपॅसिटरही लावला तर व्हॉल्यूम अर्ध्यावरच फाटायला लागतो, हेच हवं होतं. फक्त कपॅसिटरचा स्विच मारताना स्पीकरमध्ये ‘टक्’ होतं.

ओहमबुवा: रिकामा कपॅसिटर एकदम भरतो, म्हणून. स्विचच्या दोन टोकांत १ मेगओहमचा रेझिस्टर टाका, म्हणजे तो आधीच भरलेला राहील.

जुनाखोका: ट्रान्सफॉर्मरच्या वायरी बदलल्यात ना?

खर्जवेडा: नाही हो.

गुणगुण: धागा चालू आहे तोवर विचारतो, माझ्या जुन्या व्हॉल्व्ह रेडिओत हम (सतत घूं घूं आवाज) येतो. कशामुळे असेल?

बिनतारी: कोणता रेडिओ? फोटो टाका.