६ व्होल्टच्या जुन्या बाईकचा हेडलाइट मिणमिणतोय, एलईडी टाकू की सरळ १२ व्होल्ट करू?

काळाटँक:
मंडळी नमस्कार, जरा सविस्तर लिहितो म्हणजे नीट सांगता येईल. गाडी ५० च्या दशकातली, ३५० सीसी सिंगल, डायनॅमो (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) ल्युकासचा ई३एल म्हणजे ६ व्होल्ट ६० वॅटवाला, इग्निशन मॅग्नेटोवर (स्वतःच ठिणगी तयार करणारा) आणि पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक फ्रेमला जोडलेलं. इंजिन झकास चालतंय पण अंधार पडला की गाडी बाहेर काढायची हिंमत होत नाही. हेडलाइटचा बल्ब ३०/२४ वॅटचा आहे (अप्पर ३०, डिपर २४), अप्परवर कसंबसं दिसतं, डिपर मारला की समोरचा खड्डा सुद्धा दिसत नाही, आणि ब्रेक दाबला की तेवढाही उजेड पिवळा पडतो. सगळ्यात जास्त धास्ती टेललाइटची, मागच्या ट्रकवाल्याला मी दिसतोय की नाही तेच कळत नाही. कोणी म्हणतं एलईडी टाक, कोणी म्हणतं १२ व्होल्ट करून टाक. बाहेरून गाडी आहे तशीच दिसली पाहिजे, काच, रिफ्लेक्टर, अँपमीटर काहीही बदलायचं नाही. सुरुवात कुठून करू?

वायरिंगवेडा:
भावा आधी काही विकत घेऊ नकोस, मल्टिमीटर काढ. ६ व्होल्टमध्ये ३० वॅटच्या बल्बला ५ अँपिअर लागतात, तोच बल्ब १२ व्होल्टचा असता तर अडीच लागले असते, त्यामुळे ६ व्होल्टच्या गाडीत प्रत्येक गंजलेला जॉइंट फार महागात पडतो. आणि साध्या फिलामेंटच्या बल्बचं असं असतं की व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर उजेड १० टक्के नाही, जवळजवळ ३० टक्के कमी होतो.
लाइट चालू ठेव, मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या अर्थच्या टर्मिनलला आणि दुसरं हेडलाइटच्या होल्डरच्या बॉडीला लाव. ०.२ च्या वर काही दिसलं तर अर्थ खराब आहे असं समज. मग तसंच लाइव्ह बाजूला, बॅटरीच्या लाइव्ह टर्मिनलपासून होल्डरच्या पॉइंटपर्यंत. या गाड्यांत हेडलाइटचा अर्थ बहुतेक वेळा वेगळ्या वायरने येतच नाही, हेडलाइटच्या भांड्यातून फोर्कमध्ये आणि तिथून हँडलच्या बेअरिंगमधून फ्रेममध्ये जातो, म्हणजे ग्रीस भरलेल्या गोळ्यांमधून करंट न्यायचा! वरून कोणी हौसेने पावडर कोटिंग केलं असेल तर बघायलाच नको. दीड-दोन स्क्वेअर एमएमची एक वायर होल्डरपासून थेट बॅटरीच्या अर्थपर्यंत टाक, लूमच्या (वायरींच्या जुडग्याच्या) आतून नेलीस तर बाहेरून काही दिसत नाही.
अजून एक, फ्यूज आहे का? मूळ वायरिंगमध्ये या गाड्यांना फ्यूज नसायचा आणि कापडी वेष्टणातलं रबर आता कडक होऊन तडकलेलं असतं. बॅटरीजवळ लाइव्ह वायरवर १५ अँपिअरचा फ्यूज टाक. तुझी पॉझिटिव्ह अर्थ आहे म्हणजे लाइव्ह वायर निगेटिव्हची, हे विसरू नकोस.

रात्रपाळी:
वरच्या सगळ्याला माझा पाठिंबा, पण टेललाइटसाठी थांबू नका, ते आजच करा. टेलला आणि ब्रेकला ६ व्होल्टचा एलईडी बल्ब टाकला की करंट अगदी किरकोळ लागतो, म्हणजे ब्रेक दाबल्यावर हेडलाइट पिवळा पडतो तो प्रकारही बराच कमी होईल. दोन गोष्टी मात्र बघून घ्या. लाल काचेमागे लाल एलईडीच लावा, पांढऱ्याचा बराच उजेड लाल काच अडवते आणि उरतो तो फिकट दिसतो, पण मग नंबर प्लेटवर पांढरा उजेड पडायला हवा, त्यासाठी खालच्या बाजूला पांढरे एलईडी असलेला बल्ब मिळतो तो घ्या. दुसरं म्हणजे पॉझिटिव्ह अर्थ, साधा एलईडी उलट्या पोलॅरिटीवर पेटतच नाही, दोन्हीकडून चालणारा हवा.
हेडलाइटला एलईडी लावायला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. रिफ्लेक्टर बनलाय फिलामेंटच्या जागेच्या हिशोबाने, चिप तिथून जराही सरकली की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त. लावायचाच असेल तर आधी रात्री भिंतीवर पॅटर्न बघा, डिपर खरोखर खाली पडतोय का ते.

काळाटँक:
मीटर लावून बघितलं. बॅटरीवर ६.२, अर्थच्या बाजूला ०.७ जातंय आणि लाइव्हच्या बाजूला ०.५, म्हणजे बल्बला जेमतेम ५ व्होल्ट. अर्थची वेगळी वायर टाकली, आता तिथे ०.०५ आलंय, फरक लगेच दिसला! फ्यूजही टाकला. मग आता १२ व्होल्टची गरज आहे का? आणि १२ केलं तर डायनॅमो बदलावा लागतो का?

ब्रशआणिकम्युटेटर:
डायनॅमो बदलावा लागत नाही. जुना डब्यातला रेग्युलेटर (डायनॅमोचं व्होल्टेज आवाक्यात ठेवणारा) काढून १२ व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक टाकायचा, तो जुन्या डब्यातच बसवता येतो म्हणजे बाहेरून तेच रूप राहतं, मग बॅटरी आणि बल्ब १२ चे, हॉर्न ६ चाच ठेवलास तरी छोट्या छोट्या दाबांना चालून जातो. करंट तेवढाच ठेवून व्होल्टेज वाढल्यामुळे डायनॅमो ६० वॅटच्या वर देऊ शकतो, आणि वायरमधलं नुकसान, तेवढ्याच वॅटला, टक्क्यांत बघितलं तर चौथ्या भागावर येतं. पण हे फुकट मिळत नाही, चार्जिंग सुरू व्हायला इंजिन जास्त फिरावं लागतं, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये हळू चालवताना बॅटरीच सगळं ओढत असते. म्हणून ३५/३५ च्या हॅलोजनवर थांब, ६०/५५ च्या मोहात पडू नकोस. डायनॅमोमधले ब्रश आणि कम्युटेटर (फिरत्या भागातून करंट बाहेर घेणारे भाग) आधी साफ करून घे, तिथे काजळी असेल तर नवा रेग्युलेटर काय करणार.
आणि रेग्युलेटर घेताना पॉझिटिव्ह अर्थचा आहे का ते विचार, उलटा लावला की तो लगेच जळतो. निगेटिव्ह अर्थ करायचं ठरवलंस तर बॅटरी फिरवल्यावर डायनॅमोच्या एफ (फील्ड) टर्मिनलची वायर काढून तिथे बॅटरीची लाइव्ह वायर क्षणभर टेकवायची, म्हणजे डायनॅमोची पोलॅरिटी बदलते, अँपमीटरच्या वायरी पण अदलाबदल करायच्या. मॅग्नेटोला यातलं काहीच लागू नाही, तो बॅटरीशिवाय चालतो. कोणाची कॉइल इग्निशनची गाडी असेल तर त्यांना कॉइल सुद्धा १२ ची लागेल.

वायरिंगवेडा:
काळाटँक, तुझे आकडे बघून बरं वाटलं. ५ व्होल्टवर बल्ब जेमतेम निम्मा उजेड देत होता, आता ५.६५ च्या आसपास मिळतंय म्हणजे पूर्ण ६.२ व्होल्टवर मिळाला असता त्याच्या सुमारे ७३ टक्के. उरलेला अर्धा व्होल्ट बहुतेक डिपर स्विच आणि लाइटच्या स्विचमध्ये जातोय, दोन्ही उघडून पॉइंट घासून काढ आणि प्रत्येक जॉइंटवर परत मीटर लाव. रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर त्याला परत चांदीचा मुलामा करून घे, बाहेरून गाडी तशीच राहते. एवढं करून एकदा पूर्ण अंधारात चालवून बघ, तुझ्या वेगाला पुरेसं दिसत असेल तर १२ व्होल्ट कशाला, आणि नसेल पुरत तर ब्रशआणिकम्युटेटरने सांगितलेल्या मार्गाने जा, आत्ता टाकलेली अर्थची वायर तेव्हाही लागणारच आहे. टेललाइटचा बल्ब मात्र या रविवारच्या आत लाव.