मेंदूवर रिसर्च करायचा तर आधी डॉक्टरच व्हा म्हणे!

तिरकस: परवा इथे कोणीतरी लिहिलं, "न्यूरोसायन्समध्ये रिसर्च करायचा तर मेडिकलच करा, बाकी डिग्र्या टाइमपास." वाचून डोकंच सटकलं. आपण कुठे आहोत ते मेंदूला सांगणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेस सेल्स, शोधून 2014 चं नोबेल घेणारा ओ'कीफ सायकॉलॉजीतला पीएचडी, हॉपफील्ड तर फिजिक्सवाला आणि त्याचं 1982 चं मेमरीचं मॉडेल अजून शिकवतात. माझं सरळ मत, फिजिक्स नाहीतर मॅथ्स घ्या, बायोलॉजी मागाहून वाचून येते, डिफरन्शियल इक्वेशन्स तिशीत कोणी शिकत नाही.

स्काल्पेल: तो कोणीतरी मीच. मेंदूवरच्या कामाची नोबेलच मोजायची तर ह्यूबेल डॉक्टर, वीझल डॉक्टर, कॅन्डेल डॉक्टर. स्ट्रोकनंतर शब्द न सापडणारा पेशंट समोर बसला की कळतं प्रश्न कुठला विचारायचा ते.

तिरकस: कॅन्डेल कॉलेजात इतिहास-साहित्य शिकला आणि नाव कमावलं समुद्री गोगलगायीवर. पेशंट कुठे होता त्यात?

उंदीरमामा: डिग्र्या राहू द्या हो. आमच्या लॅबमध्ये एक फिजिक्सवाले आले, हुशार, पण उंदराला इलेक्ट्रोड बसवायचा म्हटलं की गायब. रात्री जागून डेटा आम्ही गोळा करायचा आणि पेपरवर पहिलं नाव ह्यांचं, का तर ॲनालिसिस पायथन या प्रोग्रामिंग भाषेत केलं!

गणिती: मग शिका की पायथन. कोणी लिहिली माहीत नाही अशी मॅटलॅब सॉफ्टवेअरची स्क्रिप्ट डोळे मिटून चालवायची आणि वर रडायचं. म्हणूनच 2009 मध्ये मेलेला सालमन मासा एफएमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूची हालचाल दाखवणाऱ्या स्कॅनरमध्ये घालून त्याचा मेंदू "ॲक्टिव्ह" दाखवावा लागला, योगायोगाने येणाऱ्या खोट्या निकालांसाठी करेक्शन न करता हजारो टेस्ट मारल्या की काय होतं ते कळावं म्हणून.

उंदीरमामा: आला सालमन! दर भांडणात हा मासा हजर. आमचा जुना मॅटलॅब कोड आजही चालतो, तुमचं पायथनचं सेटअप एका अपडेटमध्ये झोपतं. आणि नसेतून सिग्नल कसा जातो ते सांगणारी हॉजकिन-हक्स्लीची 1952 ची इक्वेशन्स हक्स्लीने हँडल फिरवायच्या मशीनवर सोडवली, पायथन नव्हतं तेव्हा.

गणिती: गणित येत होतं ना पण!

सायकोवाली: सायकॉलॉजी काय फक्त ओ'कीफपुरती आठवते? पीएचडीच्या इंटरव्ह्यूत मला "मॅथ्स कुठंय?" म्हणून हसले होते, आता त्यांचेच पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे रिसर्चर) प्रयोगातला टास्क कसा डिझाइन करू विचारायला येतात. तुलनेसाठीची कंट्रोल कंडिशनच चुकली तर तुमचं पायथन काय करणार, कपाळ?

स्काल्पेल: बरं बाबा, "टाइमपास" मागे घेतो. पण माणसाच्या मेंदूत इम्प्लांट बसवायची वेळ आली की तुमच्या फिजिक्सवाल्याला बोलवा हां.

तिरकस: बोलावतातच, सिग्नल वाचायला.

उंदीरमामा: कोणी खरंच डिग्री शोधत असेल तर कुठलीही घ्या, सोबत स्टॅटिस्टिक्स घ्या, एवढं गणितीसाहेबांचं मान्य, उपकार झाले. आणि ॲडमिशनआधी एखाद्या लॅबमध्ये जाऊन उंदीर हातात धरवतो का बघा. बाकी मॅटलॅबच.

गणिती: पायथन!!