कुत्र्यांना फिरवण्याची वेळ उन्हाळ्यापुरती बदलण्याबाबत

सी-३०४ : सर्व सभासदांस नमस्कार. आवारात पाळीव कुत्र्यांना सकाळी ८ ते ९ आणि सायंकाळी ५ ते ६ या वेळेतच फिरवावे, हा नियम आपण डिसेंबरात केला आणि तेव्हा तो सोयीचाही होता. परंतु पुण्याचा पारा चाळिशीला टेकलेला असताना तोच नियम जनावरांच्या जिवावर उठतो आहे. काल साडेपाचला क्लब हाऊससमोरच्या पेव्हर ब्लॉकवर मी हाताची मागची बाजू टेकवली, तर तीन अंकही मोजवले नाहीत. सात सेकंद हात ठेवता येत नसेल तर तिथे कुत्र्याला चालवू नये, असा साधा ठोकताळा आहे. आमची राणी आठवडाभर एकेक पाय झटकत चालत होती आणि मी तिलाच हट्टी म्हणत होतो. पाऊस सुरू होईपर्यंत वेळ सकाळी ६ ते ७ आणि रात्री ९ ते १० करावी, ही विनंती.

ए-१०२ : रात्री दहापर्यंत भुंकणे ऐकावे लागेल, त्याचे काय? शिवाय घरोघरी पंखे आहेतच. गेटजवळ भटक्या कुत्र्यांसाठी पाण्याच्या कुंड्या ठेवल्या आहेत, त्यांत डास होतात हेही लक्षात घ्यावे.

सी-३०४ : काका, पंख्याने आपल्याला गार वाटते ते घाम सुकतो म्हणून. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांनाच. बाकी सारी उष्णता त्याला धापा टाकूनच बाहेर टाकावी लागते. अंग ओले केल्याशिवाय नुसत्या पंख्याचा त्याला फारसा उपयोग नाही.

बी-७०१ : याला माझा दुजोरा आहे. चपट्या नाकाच्या पगला धापही नीट टाकता येत नाही. गेल्या एप्रिलमध्ये आमचा पग जिन्यातच बसला. लाळ चिकट झाली होती, हिरड्या लालभडक होत्या आणि हाक मारली तरी तो मान वळवत नव्हता. डॉक्टरांनी फोनवरच सांगितले की आधी नळाचे पाणी पोटावर आणि मांड्यांमध्ये ओतत राहा, वारा घाला आणि मग गाडीत एसी लावून घेऊन या. मी ओला टॉवेल गुंडाळून ठेवला होता, तो काढायला लावला, कारण पांघरलेला टॉवेल थोड्याच वेळात तापतो आणि उष्णता आतच कोंडतो. कुत्र्याचे तापमान एरवी १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते. दवाखान्यात पोहोचल्यावरही त्याचे १०५ भरले.

सचिव : नवी वेळ सोमवारपासून लागू राहील. रात्री कुत्र्यांना फक्त मागच्या गेटच्या बाजूने, पट्टा लावून न्यावे. कुंड्यांबद्दल काकांचा मुद्दा रास्त आहे. अळीचा डास व्हायला आठवडाभर लागतो, म्हणून त्या रोज सकाळी रिकाम्या करून काथ्याने घासाव्यात. पहिला आठवडा कोण घेणार?

ए-१०२ : मी सहाला दूध आणायला उतरतोच. पहिला आठवडा माझा. काथ्या मात्र सोसायटीने द्यावा.