वीज कामगारांचं हृदय: धोका चुंबकीय क्षेत्राचा की आणखी कशाचा?

खानापूरकर : माझं म्हणणं थोडक्यात मांडतो. सबस्टेशनात बसबार (वीज वाहणाऱ्या जाड धातूच्या पट्ट्या) आणि ट्रान्सफॉर्मरजवळ वर्षानुवर्षं पाळ्या करणाऱ्यांचा ईसीजी दरवर्षी सक्तीनं काढला पाहिजे. ठेकेदाराच्या माणसांचासुद्धा. तसा अर्ज करायचा आहे. 1999 मध्ये अमेरिकेतल्या पाच वीज कंपन्यांच्या सुमारे 1 लाख 39 हजार कामगारांचा अभ्यास छापून आला. चुंबकीय क्षेत्रात जास्त काळ काम केलेल्यांत हृदयाची लय बिघडून आणि तीव्र झटक्यानं झालेले मृत्यू जास्त निघाले. रक्तवाहिन्या हळूहळू चोंदण्याच्या जुन्या दुखण्याशी मात्र संबंध दिसला नाही. म्हणजे बोट थेट ठोक्यांकडे जातं. मग वाट कसली बघायची?

उद्यमबागवाला : अर्धीच गोष्ट सांगताय. 2002 मध्ये कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या एका वीज कंपनीच्या कामगारांवर हाच प्रश्न तपासला गेला, संबंध सापडला नाही. चुंबकीय क्षेत्रात ठोक्यांमधला नैसर्गिक चढउतार कमी होतो, या प्रयोगांवर तो सिद्धान्त उभा होता. पुढच्या प्रयोगांत तसं दिसेना. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सगळा पुरावा चाळला आणि हृदयविकाराशी संबंध असल्याला आधार नाही असं सांगितलं. शिवाय तुमच्या त्या अभ्यासात मृत्यूचं कारण दाखल्यावरून धरलेलं, आणि बिडी-सिगारेट कोण ओढायचं याची नोंदच नाही. तंबाखूच्या निपाणीच्या शेजारी राहणाऱ्यांना हे मी समजावू?

खानापूरकर : साहेब, वीज खात्यात भरती होतो तो खांबावर चढू शकणारा धडधाकट गडी. बाकी लोकांपेक्षा त्याचं हृदय मुळातच चांगलं. त्याच्यात थोडं नुकसान झालं तरी आकड्यात झाकलं जातं. याचा विचार केलाय?

उद्यमबागवाला : मुद्दा बरोबर, जागा चुकली. गावातल्या सगळ्या लोकांशी तुलना केली तर तसं होतं. इथं कामगारांची तुलना कामगारांशीच आहे, जास्त क्षेत्रातला विरुद्ध कमी क्षेत्रातला. आमच्या फाउंड्रीत इंडक्शन भट्टी, म्हणजे विजेवर धातू वितळवणारी भट्टी आहे. करंट प्रचंड, म्हणून जवळ उभ्या माणसावर क्षेत्रही मोठं. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आपल्या विजेच्या 50 हर्ट्झला (सेकंदाला 50 आवर्तनं) कामगारांसाठी मर्यादा 1000 मायक्रोटेस्लाची आहे (2010); मायक्रोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप. ती स्नायू-मज्जातंतूंवर लगेच होणाऱ्या परिणामावरून ठरवलीय. भट्टीजवळच्या पोरांना मी रेषा आखून लांब ठेवतो, पण त्यांची खरी तक्रार उष्म्याची असते.

जुना लाइनमन : मघापासून वाचूलालो. चुंबकीय क्षेत्र करंटवर असतं, व्होल्टेजवर नाही. आम्ही एलसी (लाइन बंद केल्याची परवानगी) घेऊन मेलेल्या लाइनवर चढतो, तिच्यात करंटच नाही तर क्षेत्र कुठलं? सबस्टेशनातला ऑपरेटर सोडला तर लाइनमनला रोजचं क्षेत्र फार नसतं. अंतर वाढलं की तेही झपाट्यानं उतरतं. हातातल्या ग्राइंडरपाशी कधीकधी जास्त निघतं. आणि रबरी हातमोज्यानं चुंबकीय क्षेत्र अडत नाही, हे पण सांगून ठेवतो, नाहीतर उद्या तेच वाटतील.

आम्हाला भीती उलट्या करंटची. कुणाच्या तरी मंगल कार्यालयातला जनरेटर बंद लाइनमध्ये मागून वीज सोडतो. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात झाड पडलं की अंधारात जायचं, दोन्ही बाजूंना अर्थिंग रॉड (लाइन जमिनीला जोडणारे) लावायचे तर एकच हाताशी. हृदय बंद पडायचं ते तिथं.

वडगावची सिस्टर : काकांचं खरं आहे. छातीतून 50-100 मिलीअँपिअर जरी गेला तरी हृदयाचा खालचा कप्पा नुसता थरथरायला लागतो, रक्त ढकलतच नाही. तेव्हा लगेच छाती दाबणं आणि शॉक देणारं यंत्र, दुसरा उपाय नाही. डेन्मार्कमध्ये 1998 मध्ये वीज कामगारांचे मृत्यू तपासले, त्यात विजेच्या धक्क्यानं गेलेले जास्त निघाले. हृदयविकाराचे नाहीत. धक्का बसून उठून चालायला लागलेल्या माणसाचाही ईसीजी काढावाच, विशेषतः तो बेशुद्ध पडला असेल किंवा करंट छातीतून गेला असेल तर. पेसमेकर बसवलेल्यानं मात्र सबस्टेशनात जायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचंच. तिथं क्षेत्राचा प्रश्न खराखुरा आहे, यंत्र फसू शकतं.

खानापूरकर : धक्क्यानंतरचा ईसीजी म्हणताय, पण धक्का बसला हे वहीत लिहितो कोण? ठेकेदाराचा पोरगा दुसऱ्या दिवशी कामावर हजर.

जुना लाइनमन : लिहिलं की पोरगा दुसऱ्या महिन्यात घरी, म्हणून लिहीत नाहीत.

उद्यमबागवाला : मग अर्ज त्यावर करा, मी सही करतो. धक्क्याची नोंद, दोन अर्थिंग रॉड, छाती दाबण्याचं प्रशिक्षण. मायक्रोटेस्ला त्यात घालू नका. समोरचा साहेब तोच एक मुद्दा धरून सगळा अर्ज बाजूला ठेवील.

खानापूरकर : सबस्टेशनातल्या ऑपरेटरला धक्काही सहसा बसत नाही आणि खांबावरही चढायचं नसतं. त्याच्यासाठी अर्जात काय लिहू मग?

वडगावची सिस्टर : रात्रपाळीचा ताण लिहा दादा. वर्षातून एकदा बीपी, शुगर, आणि त्यात काही निघालं तर ईसीजी. चुंबकाचं नाव न घेता तुमचा ईसीजी येतो.

खानापूरकर : चालेल. पण मी वेगळ्या कागदावर मीटरनं क्षेत्र मोजायची मागणी करणारच. मोजायला तर हरकत नाही ना?

उद्यमबागवाला : मोजा. आमच्या भट्टीपासून सुरुवात करा, मीटर भाड्यानं आणायचा खर्च निम्मा माझा.