कडक बापाचा पोरगा सिगारेटला शिवत नाही, हे कितपत खरं?

पालकसभा_सातपूर
आठवी-नववीच्या पालकसभेत तंबाखूवर अर्धा तास बोलायचंय. वर्गात नाशिकच्या अंबड-सातपूर कारखान्यांतल्या कामगारांची, पेठ-सुरगाण्याहून कामाला आलेल्यांची आणि गंगापूर रोडच्या डॉक्टर-वकिलांची मुलं आहेत. ‘घरात धाक हवा’ हे बहुतेकांचं ठाम मत. सगळ्यांना एकच गोष्ट सांगून चालेल का?

गोदाकाठ
नुसत्या धाकाचा भरवसा धरू नका. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकत्वाचे तीन प्रकार मांडले, चौथा (लक्षच नसलेलं घर) १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी जोडला. मापं दोनच: जिव्हाळा किती आणि नियम किती. दोन्ही भरपूर असतात त्या घरांतली मुलं धूम्रपानाकडे कमी वळतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसतं. नियम आहेत पण बोलणं नाही, तिथे पोरगा सोडायला नाही, लपवायला शिकतो. खिशात बडीशेप, दप्तरात डिओ, घरी आल्या आल्या थेट मोरीत. मूल कुठे जातं, कोणाबरोबर असतं, हे आईबापांना कळतं ते बहुतेक त्यानेच सांगितलं म्हणून. मार बसणार हे माहीत असलं की तो झराच आटतो.

चौकट_मोडा
वरचं मान्य, पण ती चौकट अमेरिकेतल्या, मुख्यतः गोऱ्या मध्यमवर्गीय घरांवरून आलेली आहे. संशोधक रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये चिनी कुटुंबांबद्दल मांडलं की तिथे कडकपणा हा काळजीचाच भाग मानला जातो. आपल्याकडेही आजोबा-काकांसकट सगळं घर एकाच सुरात ओरडत असेल तर ते जाचक वाटेलच असं नाही. जात-वस्तीवरून अंदाज बांधू नका, घरात कोण काय वापरतं ते विचारा.

आणि सभेचा विषय फक्त सिगारेट ठेवू नका. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के, बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. आई सकाळी मिश्री लावते आणि बाप पोराला ‘सिगारेट ओढू नको’ म्हणतो, हे मुलाला बरोबर दिसतं. सगळ्यात वाईट सवय म्हणजे ‘जा रे, टपरीवरून दोन बिड्या आण.’ १८ वर्षांखालच्यांना विक्री २००३ च्या कायद्याने बंद आहे, सुट्या बिडी-सिगारेटच्या विक्रीवर राज्यात २०२० पासून बंदी आहे. पोराला पाठवून आपणच त्याची टपरीवाल्याशी ओळख करून देतो.

सोडवा_पण_हळू
पोरगा ओढताना सापडल्यावर काय, हे सभेत नक्की विचारतील. त्या रात्री चौकशी नको, राग उतरू द्या. दुसऱ्या दिवशी तीनच प्रश्न: कधीपासून, कोणाबरोबर, पैसे कुठून. उठल्यावर अर्ध्या तासात लागत असेल तर निकोटिनची सवय जडली आहे, नुसत्या शपथेवर भागणार नाही. सोडल्यावर चिडचिड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला जाते, दोन ते चार आठवड्यांत ओसरते. पालक नेमके इथेच चुकतात: चिडचिडीला उद्धटपणा समजून झोडतात आणि पोरगा पुन्हा टपरीवर. परीक्षेच्या आठवड्यात सोडायला लावू नका. तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात पाणी, जिना, गच्ची, काहीही चालेल. निकोटिनचा च्युइंगगम लहान मुलाला आपल्या मनाने देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा. १८००-११-२३५६ वर फुकट सल्ला मिळतो.

बाप स्वतः ओढत असेल तर? घरात आणि पोरासमोर बंद, पाकीट उघड्यावर नाही, आणि ‘मला सुटत नाही, म्हणून तुला सांगतोय’ एवढं तोंडाने. घरातला हा नियम ओढणाऱ्या पालकांच्या मुलांनाही उपयोगी पडतो.

पालकसभा_सातपूर
बिड्या आणायला पाठवण्यापासूनच सुरुवात करते. वेळ कारखान्यातली पहिली पाळी सुटल्यानंतरची ठेवतेय, नाहीतर नुसत्या आयाच येतात.

गोदाकाठ
मिश्रीचं मग आयांसमोर जपून काढा. पहिल्याच वाक्यात नको.