'हरिकेन'ला मराठीत काय म्हणावे?

पंचगंगाकाठ: शालेय पुस्तिकेसाठी अटलांटिक महासागरातील 'हरिकेन'वरील लेखाचा अनुवाद करते आहे. मी सर्वत्र 'चक्रीवादळ' लिहिले; संपादकांनी ते खोडून 'तुफान' केले. आपण काय लिहाल?

शाहूपुरीकर: 'चक्रीवादळ'च लिहावे. मी भूगोल शिकवला आहे; वाऱ्याचे गोल फिरणे हाच या वादळाचा प्राण आहे. समुद्राच्या वरच्या थराचे तापमान सुमारे २६.५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की भरपूर बाष्प वर चढते, त्याचे ढग होताना सुप्त उष्णता बाहेर पडते, तिने हवा आणखी वर उचलली जाते आणि खाली दाब उतरतो. भोवतालची हवा तिकडे धावते, पण पृथ्वीच्या परिवलनामुळे ती सरळ न येता वळते. विषुववृत्तापासून ५ अंशांच्या आत ही वादळे क्वचितच होतात, ती याचमुळे. 'तुफान' शब्दात हे वळण कुठे आहे? शिवाय तो शब्द आपला नव्हे.

मंगळवार पेठ: बाई, शेवटचे वाक्य पटले नाही. माझे आजोळ मालवणचे. तेथील जुन्या खलाशांच्या तोंडी मी 'तुफान'च ऐकले आहे. अरबी-फारसीतून आलेले शब्द वगळायचे, तर 'हवा'सुद्धा वगळावी लागेल. 'सायक्लोन' हा शब्दही हेन्री पिडिंग्टन यांनी १८४०च्या दशकात कलकत्त्यात ग्रीकवरून घडवला आणि जगाने तो घेतला.

रंकाळा: येथे खरी अडचण वेगाची आहे. आपल्या हवामान विभागाच्या लेखी वारा ताशी ६२ किलोमीटरला पोहोचला की 'चक्रीवादळ' होते, तर अटलांटिकात ताशी ११९ किलोमीटरखाली 'हरिकेन' म्हणतच नाहीत. सरसकट 'चक्रीवादळ' लिहिल्यास वादळ वाढत गेल्याची पायरीच पुसली जाईल. 'हरिकेन' तसेच ठेवावे.

शाहूपुरीकर: मग 'अतितीव्र चक्रीवादळ' लिहा, परका शब्द कशाला? त्यापेक्षा दैनिकांतील 'कमी दाबाचा पट्टा' सुधारला पाहिजे. पट्टा लांबट असतो. वादळ जन्मते ते बंदिस्त, गोलसर 'क्षेत्रा'त.

मंगळवार पेठ: हे अर्धेच खरे आहे, बाई. पश्चिम आफ्रिकेकडून अटलांटिकात सरकणाऱ्या लहरी म्हणजे कमी दाबाचे लांबट पट्टेच असतात आणि अनेक हरिकेनांचे बीज त्यांतच असते. खालच्या व वरच्या वाऱ्यांत फारसा फरक नसेल, तरच ढग एकत्र टिकतात आणि पट्ट्यातून क्षेत्र आकाराला येते. फरक मोठा असेल, तर ढगांचा माथा एकीकडे आणि बूड दुसरीकडे जाते. दोन्ही शब्द हवेत, आपापल्या जागी.

रंकाळा: आपल्याकडे तर वळिवाने चार पत्रे उडवले तरी बातमीत 'चक्रीवादळ' येते. वळीव तापलेल्या जमिनीवर दुपारनंतर उठतो आणि तासा-दोन तासांत ओसरतो. त्याला ना समुद्राचे इंधन, ना मध्यभागी शांत डोळा.

शाहूपुरीकर: 'डोळा' नव्हे, पाठ्यपुस्तकात 'नेत्र' लिहावे.

मंगळवार पेठ: मुलांना डोळाच कळतो, बाई.

पंचगंगाकाठ: पट्टा आणि क्षेत्र यांतील भेद अनुवादात नक्की पाळीन. पण 'तुफान' ठेवू की खोडू? पुस्तिका सोमवारी छपाईला जाते आहे.